खंडणी, कर्ज, कालवा

चेन्नईहून जुन्या महाबलीपुरम रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की दुतर्फा काचेच्या इमारती सुरू होतात आणि शोळिंगनल्लूरच्या चौकापाशी त्यांची दाटी होते. त्याच चौकातून समुद्राकडे जाणारा रस्ता धरला, तर अक्करैला पोचण्याआधी एक पूल लागतो. पुलाखाली बकिंगहॅम कालव्याचे संथ, काळपट पाणी आहे. या कालव्याच्या अंगाने उत्तरेला गेले की सेंट जॉर्ज किल्ला येतो; दक्षिणेला कोवळम आणि पुढे पल्लवांचे मामल्लपुरम. जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरची ही किनारपट्टी. गेल्या हजार वर्षांत साम्राज्ये कशी बदलत गेली, हे समजून घ्यायला तिच्याइतकी सोयीची जागा भारतात क्वचितच सापडेल. म्हणून जुन्या आणि नव्या साम्राज्यवादाची तुलना आपण रोम किंवा लंडनपासून न करता इथूनच करू.

जुन्या आणि नव्या साम्राज्यांत फरक कोणता? पुढच्या काळात हाव वाढली, हे उत्तर मला पटत नाही. हाव पहिल्यापासून पुरेशी होती. शस्त्रे सुधारली, जहाजे वेगवान झाली, हे खरे. पण त्याने अर्धाच उलगडा होतो. माझ्या मते प्रत्येक साम्राज्याला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. निर्णय कुठे होतो? आणि ज्याच्या डोक्यावर तो येऊन आदळतो, त्याला दाद कुठे मागता येते?

पहिला मुक्काम चोळांचा. राजेंद्र चोळाच्या आरमाराने १०२५च्या सुमारास बंगालचा उपसागर ओलांडला आणि सुमात्रा व मलाया द्वीपकल्पातील श्रीविजय राज्याच्या बंदरांवर हल्ले केले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील १०३०च्या लेखात जिंकलेल्या ठिकाणांची यादीच आहे. कडारम म्हणजे आजचे केडा त्यात आहे, निकोबार आहे, श्रीविजय आहे. संग्रामविजयोत्तुंगवर्मन हा तिथला राजा पकडला गेला, रत्नजडित तोरण लुटून आणले गेले. या मोहिमेमागे चीनच्या व्यापाराची वाट होती, असे अनेक इतिहासकार मानतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीवर श्रीविजयचा ताबा होता आणि सोंग राजांच्या दरबारी चोळांचे दूतही जात होते. त्याच्या वीसेक वर्षे आधी मात्र राजेंद्राचा बाप राजराजा याने श्रीविजयच्या राजाने नागपट्टिणमला बांधलेल्या बौद्ध विहाराला आनैमंगलम हे गाव दान दिले होते. मैत्री आणि स्वारी यांच्यामध्ये एका पिढीचेच अंतर होते.

स्वारीनंतर काय झाले, हे महत्त्वाचे आहे. चोळांनी सुमात्रात तहसीलदार नेमले नाहीत, जमिनी मोजल्या नाहीत. कीर्ती, लूट आणि व्यापाराची मोकळी वाट एवढे मिळाले की आरमार परत फिरले. पुढच्या काळात तमिळ व्यापाऱ्यांच्या श्रेणी सुमात्रात वावरत राहिल्या. बारूस इथे सापडलेला १०८८चा तमिळ लेख अशाच एका व्यापारी संघाचा आहे. पण यावरून जुने साम्राज्य सौम्य होते, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. लंकेत चोळ ९९३च्या सुमारास उतरले आणि १०७०मध्ये विजयबाहूने त्यांना हाकलेपर्यंत ठाण मांडून बसले. तिथे त्यांनी प्रांत बनवला, पोलोन्नरुवाला राजधानी केली आणि विहार लुटले. धारवाड भागातील होट्टूरच्या १००७च्या चालुक्य लेखात चोळ सैन्याने बायकामुलांचीही कत्तल केल्याची तक्रार कोरलेली आहे. तिथे लिहिणारा शत्रुपक्षाचा आहे, हे धरूनही ती तक्रार विसरता येत नाही.

मराठी वाचकाने इथे स्वतःकडेही पाहायला हवे. आपण साम्राज्यवादाचा इतिहास वाचतो तो बहुधा भोगणाऱ्याच्या बाजूने. पण चौथाई वसूल करणाऱ्या मराठी फौजांनी १७४२नंतर बंगालमध्ये जे केले, त्याची भीती तिथल्या अंगाईगीतांत अजून टिकून आहे. या किनाऱ्यावरही आपण आलो होतो. १६७७मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली. राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९०मध्ये, कडलूरजवळचा एक किल्ला मराठ्यांनी इंग्रजांना विकला. करार असा होता की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथवर पडेल तिथवरची जमीन खरेदीदाराची. गोळे पडलेल्या गावांना पुढे ‘तोफगोळ्याची गावे’ असेच नाव पडले. हाच तो सेंट डेव्हिडचा किल्ला. फ्रेंचांनी मद्रास घेतले तेव्हा इंग्रजांना तोच आसऱ्याला आला. मोगलांच्या वेढ्याला तोंड देणाऱ्या दरबाराला पैशाची निकड होती, हे समजण्यासारखे आहे. पण खंडणी आणि रोकड यांवर चालणारे राज्य जमीन कोणाच्या हाती जाते याचा विचार फार पुढचा करत नसे, हेही या सौद्यातून दिसते.

इंग्रजांची सुरुवात याहून साधी होती. २२ ऑगस्ट १६३९ हा मद्रासच्या अनुदानाचा दिवस मानतात. विजयनगरच्या उरल्यासुरल्या सत्तेतील एका नायकाने फ्रान्सिस डे या कंपनीच्या माणसाला वाळूचा एक पट्टा दिला. किल्ला बांधून झाल्यावरही कंपनी कुळासारखीच राहत होती. १६७२पासून वर्षाला १२०० होन भाडे ठरले आणि ते आधी गोवळकोंड्याला, मग मोगलांना, मग अर्काटच्या नवाबाला जात राहिले. हे भाडे १७५२मध्ये माफ झाले. त्याच वर्षी रॉबर्ट क्लाइव्हने शोळिंगनल्लूरच्या दक्षिणेला असलेला कोवळमचा किल्ला फ्रेंच बाजूकडून जिंकला आणि उद्ध्वस्त केला. १७६३मध्ये नवाब मुहम्मद अलीने चेंगलपट्टूचा मुलूख कंपनीला जहागीर म्हणून दिला. शोळिंगनल्लूरचा परिसर त्यातलाच. भाडे भरणारे कूळ सव्वाशे वर्षांत शेतसारा वसूल करणारे झाले.

हा बदल घडवणारे यंत्र कोणते, ते तंजावरच्या मराठी राज्याच्या कहाणीत सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणून तिथे थोडे थांबू.

नवाब मुहम्मद अलीला कंपनीच्या फौजेचा खर्च भागवायचा होता. पैसे नव्हते, म्हणून त्याने कर्ज काढले, आणि तेही कंपनीच्याच नोकरांकडून, वैयक्तिक. मद्रासच्या कचेरीत तुटपुंज्या पगारावर बसलेले गोरे अधिकारी नवाबाला जबर व्याजाने पैसे देत आणि तारण म्हणून एखाद्या तालुक्याचा सारा लिहून घेत. कर्ज वाढत गेले तसे तारणाला नवे तालुके लागू लागले. १७७३मध्ये कंपनीच्या फौजेच्या मदतीने नवाबाने तंजावर घेतले, तुळजाजी राजाला कैद केले आणि तिथला सारा सावकारांकडे गहाण पडला. पॉल बेनफील्ड हा या सावकारांतला सर्वांत नामांकित. त्याचा दावा सुमारे २ लाख ३० हजार पौंडांचा होता.

लंडनच्या संचालकांना हे फार झाले असे वाटले. त्यांनी गव्हर्नर लॉर्ड पिगॉटला तंजावर राजाला परत देण्याचा हुकूम दिला आणि १७७६मध्ये त्याने तो अमलात आणला. मग मद्रास कौन्सिलातल्या ज्यांचे पैसे बुडत होते, त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी आपल्याच गव्हर्नरला २४ ऑगस्ट १७७६ रोजी अटक केली. पिगॉटला परंगिमलैला, म्हणजे सेंट थॉमस माउंटला, नजरकैदेत ठेवले आणि पुढच्या मे महिन्यात तो त्या अटकेतच मेला. शोळिंगनल्लूरपासून ही टेकडी फार लांब नाही. एडमंड बर्कने १७८५मध्ये ब्रिटिश संसदेत अर्काटच्या नवाबाच्या कर्जांवर केलेले भाषण या लुटीवरचेच आहे.

पिगॉटच्या प्रकरणात कंपनीच्या काळाचा सगळा स्वभाव आला. निर्णय कागदोपत्री लंडनला होई. प्रत्यक्षात तो मद्रासमधल्या दहा-बारा माणसांच्या खिशांत होई. लूट उघडी होती, खासगी होती आणि बेशिस्त होती. त्या बेशिस्तीतच फटी होत्या. एका साहेबाविरुद्ध दुसऱ्या साहेबाकडे, मद्रासविरुद्ध लंडनकडे, इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांकडे जाता येत असे. तुळजाजीला राज्य परत मिळाले ते अशाच एका फटीतून.

पुढे फटी बुजत गेल्या. १७९९च्या तहाने सरफोजी राजांकडून तंजावरचा कारभार कंपनीने घेतला. त्यांच्याकडे किल्ला राहिला. वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. राज्य गेल्यावर चार वर्षांनी, १८०३मध्ये, सरफोजींनी भोसल्यांच्या वंशाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या आवारभिंतीवर मराठीत कोरून घेतला. एकाच मंदिरात दोन लेख आहेत. एकात समुद्रापार स्वाऱ्या करणारा राजा आपले विजय सांगतो. दुसऱ्यात सत्ता गेलेला राजा आपला वंश सांगतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखे तेवढेच उरले होते, आणि तो दीर्घ लेख वाचताना मला सरफोजींविषयी आदर वाटतो. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय जोपासले, वैद्यक शिकवले, मुद्रणालय काढले. हातून गेलेल्या राज्याची जागा त्यांनी विद्येने भरली.

१८५५मध्ये सरफोजींचे चिरंजीव शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. पुढच्या वर्षी राजवाड्याला मोहोरा लागल्या, खासगी दागिने आणि जडजवाहीरसुद्धा जप्त झाले. थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि त्या जिंकल्या. सरकारने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. १८५९चा तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. निकालाचा आशय असा की ही जप्ती हे एका सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य आहे. ते न्याय्य होते की अन्याय्य, याची चौकशी करण्याचा न्यायालयाला अधिकार नाही. पुढे १८६२मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. ऐंशी वर्षांपूर्वी तंजावरच्या राजाला लंडनने राज्य परत केले होते. आता त्याच्या नातसुनेला लंडन सांगत होते की तुमच्या तक्रारीसाठी आमच्याकडे दारच नाही. साम्राज्याचे नवे युग माझ्या लेखी या निकालापासून सुरू होते.

यानंतर शोळिंगनल्लूरजवळच्या कालव्याकडे येऊ. त्याचा पहिला टप्पा १८०६मध्ये बेसिल कॉक्रेन या स्कॉटिश व्यापाऱ्याने मद्रासच्या उत्तरेला खणला, एन्नोरपर्यंत. मीठ, तांदूळ, जळाऊ लाकूड होड्यांतून शहरात आणायला त्याचा उपयोग होता. कालवा पुढे दोन्ही दिशांना वाढत गेला. १८७६ ते १८७८च्या भीषण दुष्काळात अड्यार आणि कूवम या नद्यांमधला सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा दुष्काळी काम म्हणून खणून घेतला आणि त्या वेळचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव कालव्याला मिळाले. या दुष्काळात दक्षिण भारतात मेलेल्यांचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातात. दुष्काळाच्या ऐन मध्यावर, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला होता.

दुष्काळी कामावरच्या मजुराला काय मिळत होते? ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८७७च्या सुरुवातीला दर ठरवला: पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य, आणि वर एक आणा. आधीपेक्षा हे कमी होते. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी त्याला जोरदार विरोध केला. एवढ्या अन्नावर खणणाऱ्या माणसाचे शरीर टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि काही महिन्यांनी दर वाढवावेच लागले. टेंपल हा काही क्रूरतेची आवड असलेला माणूस नव्हता. १८७३-७४च्या बिहारच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना वाचवले होते, आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका घेतला होता. या वेळी त्याने तो ठपका येऊ दिला नाही. बेनफील्डच्या लुटीत एका माणसाची हाव दिसते. टेंपलच्या दरात कोणाची हावही दिसत नाही. दिसतो तो एक तक्ता, आणि तक्त्याच्या टोकाला उपाशी माणूस.

हाच दर मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि तिथल्या मजुरांनी कामावर बहिष्कार घातला. सोलापूर, पुणे, नगरकडची माणसे कामे सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. ज्या काळात दाद मागायला दार नव्हते, त्या काळात मराठी माणसांनी दार ठोठावण्याची नवी रीत शोधली, ती ही. दोन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांनी दुसरी, सशस्त्र बंडाची रीत धरली.

युरोपात या बदलाची चर्चा उशिरा सुरू झाली. जॉन हॉब्सन या इंग्रज लेखकाचे साम्राज्यवादावरचे पुस्तक १९०२चे. १८७०नंतरचा साम्राज्यवाद नव्या जातीचा आहे, त्यामागे मायदेशात न खपणारे भांडवल आहे, असे त्याने मांडले. लेनिनने १९१६मध्ये तोच धागा पुढे ताणला. जॉन गॅलाघर आणि रोनाल्ड रॉबिन्सन या दोघांनी १९५३मध्ये उलट बाजू मांडली: आधीच्या मुक्त व्यापाराच्या काळातही ब्रिटनची पकड तेवढीच होती, फक्त झेंडा रोवण्याची गरज कमी वेळा पडे. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. कर्जाचे यंत्र दोन्ही काळांत चालू होते. बेनफील्डने नवाबाला दिलेले कर्ज आणि लंडनच्या भागधारकांना रेल्वेवर मिळणारे ५ टक्के हमीचे व्याज, दोन्हींचा भरणा शेवटी रयतेच्या साऱ्यातून होई. फरक एवढाच की दुसऱ्याला नियम, छापील अहवाल आणि वार्षिक अंदाजपत्रक होते. आणि हे सगळे हॉब्सनच्या कितीतरी आधी मुंबईच्या माणसांनी लिहिले होते. भास्कर पांडुरंग तर्खडकरांची इंग्रज राजवटीवरची जळजळीत पत्रे १८४१ची आहेत. रामकृष्ण विश्वनाथ यांचे हिंदुस्थानच्या स्थितीवरचे मराठी पुस्तक १८४३चे आहे. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या गळतीचा हिशेब १८६७पासून मांडायला सुरुवात केली. जगाच्या अभ्यासक्रमात हॉब्सन असतो आणि तर्खडकर नसतात, ही उणीव आपणच भरून काढायला हवी.

दोन युगांतला फरक युद्धांतही पाहता येतो. १७४६मध्ये ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीने मद्रास घेतले आणि ११ लाख होनांच्या बदल्यात ते परत देण्याचा करार केला. शहर म्हणजे त्याच्या दृष्टीने खंडणीचा ऐवज होता. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री एम्डन या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या, त्या बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्यांवर. खंडणीची भाषाच उरली नव्हती. इंधन जाळायचे होते, व्यापारमार्ग तोडायचे होते. मधल्या काळात, १८८४-८५मध्ये, बर्लिनच्या परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले होते आणि त्या टेबलाशी एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. निर्णय किती लांब गेला, हे याहून वेगळे सांगायला नको.

आजच्या शोळिंगनल्लूरबद्दल काय म्हणायचे? इथे मोठे आवार असलेली इन्फोसिस १९८१मध्ये पुण्यात स्थापन झाली. विप्रोचे मूळ तर आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचे, १९४५चे, वनस्पती तुपाच्या कारखान्याचे. इथले तरुण न्यूयॉर्क आणि फ्रँकफुर्टच्या ग्राहकांसाठी काम करतात, त्यांच्या घड्याळाप्रमाणे. काही लेखक याला सरळ नवसाम्राज्यवाद म्हणतात. ते मला मान्य नाही. १८७७चा मजूर कामावर आला तो भुकेने, आणि दर ठरवणाऱ्याला तो मतपेटीतून हटवू शकत नव्हता. आजचा अभियंता नोकरी बदलतो, मत देतो, सरकारला जाब विचारतो. या दोन माणसांना एका शब्दात बसवणे म्हणजे पहिल्याच्या दुःखाची किंमत कमी करणे होय. शेजारच्या पळ्ळिक्करणैच्या पाणथळीचा बहुतेक भाग बुजला, त्याचा दोषही आता परकीय सत्तेवर टाकता येत नाही. २०२२मध्ये उरलेल्या भागाला रामसर दर्जा मिळाला. तो राखायची जबाबदारी आपलीच आहे.

तरीही ते दोन प्रश्न आजही विचारायलाच हवेत. १९९१मध्ये परकीय चलन संपत आले तेव्हा भारताला सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण ठेवावे लागले. २०२५च्या सप्टेंबरात अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा केली आणि या रस्त्यावरच्या हजारो घरांतले बेत एका सहीने बदलले. त्या सहीवर इथल्या कुणाचे मत घेतले जाणार नव्हते. आणि कामाक्षीबाईंच्या खटल्याची उलटी बाजूही याच परिसरात दिसली. चेन्नईजवळ ओरगडमला तेव्हा कारखाना असलेल्या निस्सान कंपनीने तमिळनाडूकडून येणे असलेल्या सवलतींसाठी २०१७मध्ये भारत सरकारला आंतरराष्ट्रीय लवादासमोर उभे केले. २०२०मध्ये तडजोड झाली. १८५९मध्ये राणीला सांगितले गेले की सत्तेच्या कृत्याची चौकशी होत नाही. आता एखादी कंपनी सार्वभौम देशाच्या निर्णयाची चौकशी देशाबाहेर मागू शकते. दावा रास्त होता की नाही हा वेगळा मुद्दा, पण ही सोय या रस्त्यावर चहाची टपरी चालवणाऱ्याला नाही.

फरक हा की आज अटी बदलण्याची ताकद भारताकडे आहे आणि त्याने ती वापरली. २०१५च्या अखेरीस सरकारने परकीय गुंतवणुकीच्या करारांचा नवा नमुना तयार केला आणि पुढे जुने बहुतेक करार संपुष्टात आणले. नव्या नमुन्यात परकीय गुंतवणूकदाराने लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागितली पाहिजे, अशी अट आहे. २०२४मध्ये संयुक्त अरब अमिरातींशी लागू झालेल्या करारात घासाघीस होऊन ती तीन वर्षांवर आली.